हाड

माझ्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं एक कुत्रा ठार मारलाय, आणि त्यावरून कुणी त्याला वाकडं बोललं तर मी ऐकून घेणार नाही. झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाल्कनीत सोडणारा माणूस आहे तो. नाव संजीव, मूळचा नाशिकरोडचा. गेली अकरा वर्षं आखातातल्या मेसईदच्या खताच्या कारखान्यात व्हॉल्व्ह दुरुस्त करतोय. साहेब कितीही ओरडला तरी ‘इन्शाल्ला, होऊन जाईल’ एवढंच म्हणणार. राग येतो तो मला मेलीला.

दगड्या हा आमचा लंगडा कुत्रा त्याला कारखान्याच्या फाटकापाशी सापडला. अंगभर पिवळे ठिपके असलेली बुंदी दगड्याच्या मागोमाग आली. हिवाळ्यात दर शुक्रवारी सकाळी हे सगळं लटांबर वाळूच्या टेकड्यांवर. त्यात आम्ही जॉर्जियाला बर्फ बघायला गेलो, तर या बाबानं तिथून बर्फात चालायचे रुंद बूट आणले, खाली लोखंडी दात असलेले. वाळूत पाय रुतत नाहीत म्हणे! पायात सुपं बांधल्यासारखा फताक फताक चालायचा टेकडीच्या धारेवर, आणि मी खाली गाडीपाशी हसून बेजार.

आमची ईश्वरी अकरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. संजीव तिला रोज एक शब्द शिकवायचा. हाड म्हणजे बोन, हे ती शिकली आणि लगेच बुंदीला शिकवून मोकळी झाली. चघळायचं हाड हातात धरून ‘हाड!’ असं ओरडलं की बुंदी असेल तिथून शेपूट हलवत धावत यायची. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. घरात कुत्र्याला हाकलायची वेळच कधी आली नव्हती, मग कुणाच्या डोक्यात येणार?

फेब्रुवारीचा शेवटचा शुक्रवार. ऊन तापायला लागलं होतं, मोसमातली शेवटचीच फेरी. संजीव दगड्याला घेऊन वर धारेवर, ईश्वरी बुंदीचा पट्टा धरून खाली माझ्याजवळ. पलीकडच्या बंद पडलेल्या कामगार कॅम्पातली मोकाट कुत्री टेकडीमागून आली. पाच होती. भुंकली नाहीत, काही नाही. एकानं दगड्याचा लंगडा पायच धरला, दुसऱ्यानं मान.

संजीव मागे सरायला गेला. त्या बुटांत मागे सरता येत नाही हो! बुटावर बूट पडला आणि तो आडवा झाला. एक कुत्रं त्याच्या दंडाला लोंबकळलं. मला खालून रक्त दिसलं. आणि कुठल्याही मराठी माणसाच्या तोंडून जे निघालं असतं तेच त्याच्या तोंडून निघालं.

‘हाड! हाड! हाड!’

ईश्वरीच्या हातातून पट्टा सुटला. बुंदी चढावर धावत सुटली, शेपूट हलवत. मी किंचाळले, ‘बुंदी, थांब!’ कसली थांबतेय! त्या पाचांच्या मधोमध जाऊन उभी राहिली, तोंड वर करून, हाड मागत. त्यांनी दगड्याला आणि संजीवलाही सोडलं आणि हिला धरलं. पोट फाडलं तिचं. ते केकाटणं अजून माझ्या कानात आहे.

संजीवनं पायातला एक बूट ओरबाडून काढला आणि लोखंडी दातांच्या बाजूनं हाणला, बुंदीच्या पोटात तोंड घातलेल्या काळ्या कुत्र्याच्या डोक्यात. एकदा, दोनदा, सात-आठदा. कवटी फुटल्याचा आवाज आला. बाकीची पळाली तरी हा मारतच होता, आणि तोंडात शिव्या, ज्या मी संसारात कधी ऐकल्या नव्हत्या. मी वर पोचून त्याचा हात धरला तर माझ्यावरही उगारला.

‘संजीव, खलास! मेलं ते!’

तेव्हा थांबला.

गाडी मी चालवली. दवाखाना यायच्या आधीच बुंदीनं ईश्वरीच्या मांडीवर जीव सोडला. दगड्या वाचला. पोरीचे कपडे रक्तानं भिजले होते, पण ती रडत नव्हती. म्हणाली, ‘व्हाय डिड यू कॉल हर, बाबा?’

माझ्या जिभेवर आलं होतं, अगं, हाड म्हणजे... संजीवनं माझा गुडघा दाबला.

‘चुकलं, बाळा,’ तो म्हणाला. ‘घाबरलो मी.’

नंतर मी त्याच्याशी कडाकडा भांडले. सांगून टाक की तिला! तर म्हणतो, ‘तू शिकवलेल्या शब्दानं बुंदी गेली, असं सांगू पोरीला? रागावू दे माझ्यावर. मला झेपेल.’ डोंबलाचं झेपलं! चार महिने ती बापाशी बोलली नाही. हा रोज शाळेचा डबा तिच्या हातात द्यायचा, ती न बघता घ्यायची. दंडाची जखम भरली, हा माणूस काही भरून आला नाही.

जुलैत नाशिकला गेलो. स्टेशनाबाहेर गाडीवर वडापाव खात होतो. एक भटकं कुत्रं जवळ आलं. गाडीवाल्यानं झारा उगारला, ‘हाड! हाड!’ कुत्रं पायात शेपूट घालून पळालं.

ईश्वरीचा घास तोंडातच राहिला. तिनं कुत्र्याकडे पाहिलं, मग बापाच्या दंडावरच्या व्रणाकडे.

‘बाबा,’ ती म्हणाली, चक्क मराठीत, ‘तू तिला बोलावलंच नव्हतंस. मी बोलावलं.’

संजीवनं पाव फेकला आणि त्या बिचाऱ्या गाडीवाल्याची गचांडी धरली. ‘कुणी सांगितलं होतं तुला ओरडायला? कुणी?’ झारा खाली पडला, माणसं धावली.

ईश्वरीनं त्याचा तोच दंड दोन्ही हातांनी धरला.

‘सोड त्याला, बाबा. चल.’