फिल्म मला, काच त्याला

मला फसवलं ते सिनेमाच्या स्टुडिओतल्या एका कॅमेरा असिस्टंटनं. त्यानं फिल्म मला विकली आणि त्या फिल्मची काच दुसऱ्या फोटोवाल्याला दिली. कोण किती शहाणा, कुणी आधी काय विचारायला हवं होतं, हे सगळं त्याच्यानंतरचं. लोक मला म्हणतात, झाली की दहा-बारा वर्षं, सोडा आता. ज्यांचं काही गेलं नाही ते असंच म्हणणार.

मी गुळाच्या बाजारात वाढलो. वडील तिथं हमाल होते. गुळाच्या मोठ्या ढेपेला आमच्याकडं रवा म्हणतात. असे रवे पाठीवर घेऊन ते दिवसभर गाडीतून दुकानात आणि दुकानातून गाडीत करायचे. मी शाळा सुटली की तिथंच. भाव कसा करायचा ते मी तिथं शिकलो. तेव्हा बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. हातांवर पंचा टाकायचा आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळायचं नाही. मी पंच्याकडं बघायचो नाही, तोंडांकडं बघायचो. बोटं नाही म्हणत असली तरी माणूस दुसरीकडं कुठं तरी हो म्हणून जातो.

पुढं मी फोटोवाला झालो. शिकवलं कुणी नाही. लग्नघरांत दुसऱ्याची पेटी उचलता उचलता शिकलो. जुना कॅमेरा घेतला, दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. एका जिन्याखालच्या खोलीत स्टुडिओ मांडला. फोटो काळे-पांढरेच. गिऱ्हाइकाला रंग हवा असला तर ब्रशनं गालाला गुलाबी आणि दागिन्याला पिवळा लावून द्यायचो.

त्या बाजारातले एक बडे अडते होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी एकदा मला बोलावून घेतलं.

“फोटोवाले, ते ब्रशचं नगं आपल्याला. गुजरातच्या पावण्याला तिथं बसून कळाय पायजे, आपला माल कसला हाय. खराखुरा रंग उमटंल असा फोटो काढतासा काय?”

“काढतो की.”

“काढतो की म्हणून निघून जाशीला. पाडव्याच्या सौद्याआधी हातात पायजे. जमलं तर ह्या दुकानाच्या कोपऱ्यातला गाळा तुमचा. पाटी लावा, बसा. दर हंगामाचं काम तुमच्याकडंच.”

त्या गाळ्यापुढं दुकानाची एक लाकडी फळी होती. माझे वडील वीस वर्षं त्या फळीपुढं उभे राहिले. पाणी प्यायचं असलं तरी उभ्यानं, कारण हमालांनी फळीवर बसायचं नसे. तिथं माझ्या नावाची पाटी लागणार होती. मला दुसरं काही नको होतं.

पण रंगीत रोल मिळायचा कुठं? माझ्या कॅमेऱ्याला एकशेवीस नंबरचा रुंद रोल लागायचा. रंगीत तर पुण्यातही ओळखीशिवाय कुणी देत नव्हतं, आणि दिला तर अंगावरचा सदरा उतरवून घेतल्यासारखा भाव. मग मला हा असिस्टंट आठवला. स्टुडिओबाहेरच्या चहाच्या गाड्यावर तो रोज दुपारी असायचा. शूटिंग संपलं की डब्यांत फिल्मचे तुकडे उरतात आणि ते बाहेर पडतात, हे गावाला माहीत होतं.

“रंगीत हाय,” तो म्हणाला. “सिनेमाची. एवढा डबा तुला वरीसभर पुरंल.”

“खराब न्हाई न्हवं?”

“माझ्या तोंडाकडं बघ मर्दा. खराब माल देतोय व्हय मी?”

मी गळ्यातला पंचा काढून दोघांच्या हातांवर टाकला. तो हसला, पण बोटं दिली. अर्धा तास आम्ही तसे बसलो होतो. चहावाला म्हणाला, “लगीन ठरवालाय काय रं?” शेवटी मी त्याला तो बोलला होता त्याच्या निम्म्याखाली आणलं. तेव्हा तो जे बोलला ते मला अक्षरशः आठवतंय.

“ह्या भावात डबा दिला तुला. आता ह्याच्यावर आणि काय मागू नगंस.”

आणि त्याचा डावा हात सदऱ्याच्या खिशावर गेला. खिशात फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं, वाटोळं, चपटं. मला वाटलं तंबाखूची डबी. मी, लहानपणापासून पंच्यावरची तोंडं वाचणारा माणूस, त्या खिशाकडं बघितलं आणि सोडून दिलं.

“पर ही पट्टी तुझ्या कॅमेऱ्यात बसणार कशी?” त्यानं विचारलं. “तुझा रोल केवढा, ही केवढी.”

इथं मी मूर्खपणा केला. माझी युक्ती त्याला दाखवली. सिनेमाची पट्टी दोन बोटं रुंद, दोन्ही कडांना भोकं. माझा रोल तिच्या दीडपटीहून रुंद. पण रोलच्या पाठीला कागद असतो, त्यावर आकडे असतात. जुना कागद जपून ठेवायचा, काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून सिनेमाची पट्टी त्या कागदाच्या बरोबर मधोमध चिकटवायची आणि गुंडाळायची. कॅमेऱ्याला वाटतं, रोलच आहे. वर बघायच्या काचेवर दोन काळ्या पट्ट्या लावल्या की मधला उभा भाग काय येणार ते कळतं. फोटो उभा आणि अरुंद येतो, रव्यांच्या थप्पीला एकदम बरोबर. टाकाऊ तुकडा घेऊन मी त्याला हे सगळं करून दाखवलं. तो दर पायरीला मान हलवत होता.

डब्यावर एक लेबल होतं, इंग्रजी. गावातल्या फोटोवाल्यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. माझ्या खोलीत कुणी आलं, डबा बघितला, तर माल कुठला ते कळायचं. म्हणून मी तिथंच बशीतल्या चहात बोट बुडवून लेबल भिजवलं आणि खरवडून टाकलं. माझं इंग्रजी दुकानाच्या पाट्या वाचण्याएवढं. लेबलावर काय लिहिलंय हे मी बघितलं नाही. असिस्टंट समोर बसून बघत होता. एक अक्षर बोलला नाही.

अण्णांच्या दुकानापुढं सकाळच्या उन्हात मी फोटो काढले. नुकता आलेला माल, केळीसारखा पिवळा. थप्पी मांडली, हमाल बाजूला उभे केले, फडक्यानं एकेक रवा पुसला. शेवटच्या रोलमध्ये एक फोटो उरला, तो घरी येऊन संपवला. संध्याकाळी बायको बल्बखाली तांदूळ निवडत बसली होती. कॅमेरा पिठाच्या डब्यावर ठेवला, “हलू नगंस” म्हणालो आणि काढला.

रोल धुवायला मुंबईला गेले, सिनेमावाल्यांच्या लॅबमध्ये. साध्या फोटोच्या लॅबनं ते घेतलेच नसते, कारण ह्या फिल्मच्या पाठीला काजळीसारखा थर असतो. तीही सोय असिस्टंटनंच केली. त्यांचे डबे जायचेच, त्यांच्याबरोबर माझे. फोटो छापून आले ते पाकीट मी वाटेत उघडलं नाही. सरळ अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. माझ्या हातानं त्यांच्या फळीवर.

गूळ हिरवट निळा होता. शेवाळ चढलेल्या दगडासारखा. पांढरी टोपी घातलेला हमाल थंडीनं मेल्यासारखा निळा. अण्णांनी एकेक फोटो खाली ठेवला. गादीवरचे दोघं-तिघं वाकून बघायला लागले.

“कुणी दिलं तुम्हाला पैसं?” अण्णांनी हळू विचारलं.

“कसलं पैसं?”

“माझा माल सडका दाखवायला कुणी दिलं? शेजारच्या दुकानानं? ही फोटो जर गुजरातला गेली असती तर हंगाम बुडाला असता माझा.”

मी शपथा घेतल्या. आवाज चढवला. त्यांनी फोटो पाकिटात भरून परत दिले. “जावा,” म्हणाले. एका हमालानं, जो माझ्या वडिलांबरोबर काम केलेला होता, मान खाली घातली.

माझा पहिला संशय लॅबवर. दुसरा छापणाऱ्यावर. तिसरा शेजारच्या दुकानावर, की त्यांनी खरंच कुणाला तरी गाठलं. घरी येऊन पाकीट आदळलं. बायकोनं फोटो उचलून बघितले आणि एक फोटो वेगळा काढला. तो तिचा होता.

“ह्यात काय वंगाळ हाय?” ती म्हणाली. “माझं लुगडं हाय तसंच आलंय. तांदूळबी पांढरं आल्यात.”

खरंच होतं. एकाच रोलवर, एकाच लॅबमध्ये धुतलेला, आणि त्यात तिचा हात हातासारखा, पितळेचं पातेलं पितळेसारखं. उन्हातलं सगळं निळं, बल्बखालचं खरं. मग लॅब चोर नव्हती. फिल्मच दिव्याची होती, दिव्याच्या उजेडासाठी बनवलेली.

मी पळत अण्णांकडं गेलो. म्हणालो, रवे माझ्या खोलीत आणू, मोठे दिवे लावून काढू, रंग अस्सल येईल, ही घ्या खात्री. बायकोचा फोटो पुढं केला. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही.

“दिव्याखाली?” ते म्हणाले. “हमालाचा पोरगा तू, तुला सांगाय पायजे व्हय? दिव्याखाली काळा गूळबी पिवळा दिसतोय. आमच्यात दिवा लावून माल कधी दाखवत न्हाईत. दाखवला तर पावणा उठून जातोय.”

हे मला माहीत होतं. बाजारातल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. आधी ‘तुम्ही’, ‘जावा’ म्हणणारे अण्णा आता मला अरेतुरे करत होते, तेही माझ्या लक्षात आलं.

तिथनं थेट स्टुडिओ. असिस्टंटला बाहेर बोलावलं.

“फिल्म दिव्याची हाय हे सांगितलं न्हाईस.”

“तू इचारलंस?”

“रंग निळा येतोय उन्हात!”

“येणारच की. डब्यावर लिवलेलं हुतं. तू तर लेबल चहात भिजवून खाल्लंस.” भोवतीचे हसले. “अर्धा तास बोटं मोडलीस माझी भावासाठी. एकदा तरी इचारलंस, कशात वापरायची म्हणून?”

मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. मग तोच शांत होऊन म्हणाला, “उरलेला डबा तुला नगं असला तर दे हिकडं. बघतो कुणाला खपतोय का.” मला तो डबा डोळ्यासमोर नको होता. पहिल्या भावाच्या चौथाईत मी तो त्याच्या हातात दिला. त्या वेळी मी भाव केला नाही. आयुष्यात एकदाच.

नवीन वर्षाला न्हाव्याच्या दुकानात दाढी करायला बसलो होतो. आरशात मागची भिंत दिसत होती. भिंतीवर अण्णांच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. उभा, अरुंद फोटो. रव्यांची थप्पी, केळीसारखी पिवळी, सकाळच्या उन्हात. अर्ध्या दाढीनं उठून मी जवळ गेलो. फोटोच्या उजव्या कडेला, अगदी खाली, एका भोकाचा अर्धा भाग दिसत होता. कापणाऱ्याच्या नजरेतून सुटलेला. माझी पट्टी. माझी युक्ती.

खाली नाव होतं ते पलीकडच्या गल्लीतल्या फोटोवाल्याचं. मी तसाच साबण पुसत त्याच्याकडं गेलो. त्याच्या कॅमेऱ्याच्या भिंगावर एक वाटोळी काच बसवलेली होती, गडद चहाच्या रंगाची. त्यानं ती काढून माझ्या हातात दिली. लपवायचं त्याला काही कारणच नव्हतं.

“डब्याबरोबरच दिली त्यानं,” तो म्हणाला. “ही लावली की दिव्याची फिल्म उन्हातबी चालती. शूटिंग बाहेर असलं की हीच लावत्यात म्हणं. तुमच्याकडं न्हवती व्हय?”

काच फ्लॅनेलच्या कापडात ठेवलेली होती.

म्हणजे मी गचांडी धरली, ओरडलो, त्या दिवशी काच असिस्टंटकडं होती. डबा परत मागितला तेव्हाही होती. मी असिस्टंटला गाठून विचारलं. तो म्हणाला, “कसली काच?” आणि चहा प्यायला गेला.

त्या गाळ्यावर दुसऱ्याची पाटी लागली. माझे वडील त्यानंतर दोन वर्षं बाजारात होते, त्या पाटीखालनं रवे नेत होते. आता माझं स्वतःचं दुकान आहे, रंगीत फोटोचं, दारात गिऱ्हाईक उभं असतं. म्हणून मी गप्प बसावं असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटू द्यावं.

लेबल मी खरवडलं. युक्ती मी दाखवली. विचारायचं मी विसरलो. हे तिन्ही माझं, मी नाकारत नाही. पण तो असिस्टंट अजून आहे, त्याच गाड्यावर चहा पितो, मला बघून “काय मर्दा” म्हणतो. त्याला माझा इथं, चारचौघांत, एकच सवाल आहे. पहिल्या दिवशी, माझ्या पंच्याखाली तुझा उजवा हात असताना, डाव्या हातानं खिशात जी दाबून धरली होतीस, ती हीच काच होती का? मी भाव पाडला म्हणून मालाचा निम्मा भाग खिशात ठेवलास का? तसं असेल तर तसं बोल. त्या भावात काच बसत नाही, एवढं तेव्हा म्हणाला असतास, तर मी पंचा पुन्हा टाकला असता. पैसे वाढवले असते. आता “कसली काच” चालणार नाही. होती की नव्हती, सांग.