दुभंगलेल्या नखाचा हात

आई-वडिलांनंतर मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी असेन, तर धुळ्यातल्या आमच्या कॉलेजच्या मैदानावर पीच तयार करणाऱ्या नानांचा. चेंडू हाती आला की ते तो बोटांत एकदा गर्रकन फिरवत, समोरच्याकडे टाकत आणि म्हणत, "हातमाईन सुटना का मंग तो आपला नही."

"मग विकेट कोणाची, नाना?" पोरं विचारायची.

"पीचनी. आनि पीच मन्ही शे."

पहिल्या वर्षी माझा इंग्रजी विषय राहिला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, त्यामुळे नापास झाल्यावर काय करायचं असतं हे सांगणारंही कुणी नव्हतं. मी पेटी उचलली आणि यावलच्या एस.टी.त जाऊन बसलो. मैदानावर रेघा मारायला लागणाऱ्या चुन्याची गोणी घेऊन नाना स्टँडबाहेर रिक्षा शोधत होते. खिडकीत त्यांना मी दिसलो.

"कथा रे?"

"घरी. नापास झालो."

नाना गाडीत चढले आणि त्यांनी माझी पेटी खाली उतरवली. "एक बॉल चुकना म्हनीसन कोनी मैदान सोडस का?"

"नाना, तिकीट फाडलंय त्याचं! चुना लावता का आम्हाला?" कंडक्टर ओरडला.

"तुले नही, मैदानले," नाना म्हणाले, आणि गोणी माझ्या खांद्यावर दिली. मी पदवीधर झालो तो त्या गोणीमुळे, असं मी आजही सांगतो.

त्या काळात टीव्हीवर सांधेदुखीच्या मलमाची एक जाहिरात लागायची. देशभर गाजलेले, निवृत्त झालेले एक फिरकी गोलंदाज बोटांना मलम चोळतात, मग पडदाभर फक्त हात दिसतो आणि चेंडू भिंगरीसारखा फिरू लागतो. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. तुम्ही ती जाहिरात पाहिली असेल, तर तुमचं लक्ष चेंडूकडे गेलं असणार. माझं गेलं नखाकडे. तर्जनीचं नख मधोमध उभं दुभंगलेलं होतं. मी ते रोज पाहत होतो. रोलरखाली चेपलेलं नानांचं नख होतं ते.

मी धावत मैदानावर गेलो. नानांनी आधी हात खिशात घातला. मग रोलरच्या दांड्यावर टेकून सगळं सांगितलं.

धुळ्याला येण्याआधी ते नाशिकच्या एका मैदानावर कामाला होते आणि जाहिरातीचं चित्रीकरण तिथेच होतं. मोठ्या माणसाची बोटं चेंडूवर वळेनात. आयुष्यभर चेंडू फिरवून सांधे आखडले होते. पाचसहा वेळा चेंडू हातातून पडला, तेव्हा ते पाणी प्यायच्या निमित्ताने मैदानाच्या कडेच्या पांढऱ्या पडद्यामागे गेले. चेंडू आणून देणारे नाना मागोमाग गेले. "त्यासना डोयामा पानी व्हतं रे, भाऊ," नाना म्हणाले. शेवटी हात नानांचा घेतला. कॅमेरावाल्याला नख खटकलं, तर ते गोलंदाजच म्हणाले, "राहू द्या. गोलंदाजाचंच दिसतंय." निघताना त्यांनी नानांना विनंती केली, की हे कुणाला कळू नये. नानांनी वाकून पीचची माती कपाळाला लावली.

"आते तुले सांगं," नाना मला म्हणाले. "तू बी माती लाव."

मी लावली.

पुढे मी यावलजवळ शिक्षक झालो. गेल्या वर्षी ते गोलंदाज वारले. बातम्यांत श्रद्धांजली म्हणून ती जाहिरात पुन्हा पुन्हा दाखवू लागले आणि निवेदक त्या बोटांचं कौतुक करत होता. माझा ऊर भरून आला. ज्या हाताने माझी पेटी उतरवली, त्याला एवढा मान मिळावा आणि कुणाला माहीत नसावं? मी मोबाइलवर लिहून टाकलं: हा हात आमच्या धुळ्याच्या नानांचा.

संध्याकाळपर्यंत ते कुठल्या कुठे गेलं. नानांचं कौतुक थोड्यांनी केलं. बाकीचे गेलेल्या माणसाला हसत होते. मलमवाला, खोट्या हाताचा गोलंदाज. त्यांचा तेरावाही झाला नव्हता. मी लिहिलेलं काढून टाकलं, पण तोवर ते हजार मोबाइलांवर पोचलं होतं.

नानांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "भाऊ, तू मन्हा शब्द मोडा." एवढंच. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. म्हणून मी पत्र पाठवलं.

पत्रात जे कबूल केलं, तेही मी पाळलं नाही. शाळेत मतदारयाद्यांचं काम आहे असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे नानांच्या तोंडाकडे पाहायची भीती वाटली. एक रविवार गेला, मग पुढचे सगळेच गेले. पावसाळा संपता संपता नाना गेल्याचा निरोप आला.

मी धुळ्याला गेलो. अक्का, म्हणजे नानांची बायको, ओट्यावर बसली होती. तिला वाचता येत नाही. नानांच्या सदऱ्याच्या खिशातून निघालेलं माझं पत्र तिने माझ्याच हातात दिलं. घड्यांवर ते फाटत आलं होतं.

"एक रविवारले ते दिनभर रोलरजोडे बठी राहिनात," ती म्हणाली. "जेवाले बी उनात नही. काय व्हतं रे, भाऊ, त्या रविवारले?"

मी पत्राची घडी उलगडली. ते पत्र असं होतं:

"ती. नानांस सा. न. वि. वि.

मी लिहिलेलं काढून टाकलं आहे. पण हातातून सुटलं की आपलं राहत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही एका मोठ्या माणसाचं दुःख इतकी वर्षं झाकून ठेवलंत. मी तुमचा मोठेपणा दाखवायला गेलो आणि ते उघडं पाडलं. माती मीही लावली होती.

फोन उचलू नका, चालेल. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो. माझ्याशी बोलू नका हवं तर. रोलर ओढायला दुसरा माणूस लागतोच."