जुना की-बोर्ड, नवं मशीन आणि चाचा

चाचा कोणाचाही कागद हातात घेत नसत. तहसीलसमोरच्या आमच्या टायपिंगच्या दुकानात कोणी वाटणीपत्र, बक्षीसपत्र करून घ्यायला आलं आणि कच्चा मसुदा पुढे केला, की चाचा हात मांडीवर ठेवून म्हणायचे, "तुमीच वाचा. कागद तुमचा, मंग जबान बी तुमचीच पायजे." तो माणूस अडखळत वाचायचा आणि चाचांची बोटं धावायची. छापून निघालेला कागदही त्यालाच मोठ्यानं वाचायला लावायचे आणि स्वतः मान खाली घालून ऐकायचे. घनसावंगीत या शिस्तीचं फार कौतुक होतं. शेजारच्या टेबलावर बसणारी मीही ते करायचे, मात्र स्वतः ती शिस्त पाळायचे नाही. मला वाचता येत होतं, मग पक्षकाराचा वेळ कशाला घालवायचा, असं माझं म्हणणं.

चाचांच्या घरी उर्दू, पण मराठी टायपिंगमध्ये त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नव्हतं. भीती त्यांना एकाच गोष्टीची, लाईट जाण्याची. फार पूर्वी एका म्हाताऱ्याचं मृत्युपत्र अर्ध्यावर असताना लाईट गेली आणि सगळं पुसलं गेलं. उद्या येतो म्हणून म्हातारा गेला तो परत आलाच नाही, आठ दिवसांत वारला. तेव्हापासून चाचा प्रत्येक पूर्णविरामाला कंट्रोल आणि एस दाबून लिहिलेलं जपून ठेवायचे. ती सवय इतकी मुरली होती की चहा पितानाही डाव्या हाताची करंगळी आपोआप खाली जायची. मी चिडवायचे, चाचा, चहा सेव्ह झाला का? "झाला बेटा," ते म्हणायचे, "आता सांडला तरी फिकर न्हाई."

दुकानाच्या शेठचे जावई पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत. एका दिवाळीला त्यांनी सासऱ्यांसाठी एक मॅक, म्हणजे ॲपल कंपनीचा कॉम्प्युटर, आणला. आमची विंडोजची मशीन रडतखडत चालत होती, त्यामुळे शेठ हरखून गेले. चाचा मात्र दोन दिवस नव्या मशीनपाशी फिरकले नाहीत, आणि बसायची वेळ आली तेव्हा एकच अट घातली, की-बोर्ड माझा जुनाच पाहिजे. त्याच्यावरची अक्षरं कधीच झिजून गेली होती. जावईबापू हसले, पण त्यांनी तो जोडून दिला. मला तेव्हा वाटलं, म्हातारपणचा हट्ट. हाताखाली सगळं ओळखीचं आणि आत सगळं परकं, हे किती घातक आहे ते माझ्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तीन भाऊ वाटणीपत्र करायला आले. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारी ही माणसं, नातेवाइकांनी मध्ये पडून कशीबशी एका बाकावर आणून बसवली होती. थोरला वाचत होता, धाकटे दोघे कान देऊन ऐकत होते, चाचांची बोटं चालली होती. मी प्रिंटरमध्ये कागद घालायला उठले आणि सहज पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर मधोमध पासवर्ड मागणारी एक पेटी उघडली होती. चाचा जे टाइप करत होते ते सगळं त्या पेटीत जात होतं, काळे ठिपके होऊन. मागे कागदावर पहिला परिच्छेद तेवढा होता. चाचा एन्टर मारायचे, पेटी हलायची, रिकामी व्हायची आणि पुन्हा ठिपक्यांनी भरायची. थोरल्या भावाचं घर, मधल्याची विहीर, धाकट्याचं वावर, सगळे ठिपके. चाचा पडद्याकडे तोंड करून बसले होते, डोळे उघडे होते, आणि पूर्णविराम आला की करंगळी इमानानं खाली जात होती. चाचांना दिसत नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

बोलावं तर तीन भाऊ समोर, आत शेठ. न बोलावं तर कागद नाही. मी उसनं अवसान आणून म्हटलं की मशीन अडकलंय, दादा, जरा चहा घेऊन या, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. भाऊ कुरकुरत उठले. मी पेटी बंद केली आणि चाचांच्या कानाशी वाकून काय झालं होतं ते सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, "शेठनं पाह्यलं?"

नाही म्हटल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांना काचबिंदू होता. कडेचं दिसणं दोन वर्षांपूर्वीच गेलं होतं, मधलं धुरकट होत चाललं होतं, आणि घरीसुद्धा पुरतं कोणाला ठाऊक नव्हतं. ते हळू आवाजात म्हणाले, "डोळे गेले त्याचं मी मनाला समजावलं, बेटा. पर बोटाला काम न्हाई राह्यलं तर मी अंधारात बसून करू काय? डर लागतो मला."

मी मूळची भित्री. शेठला सांगायचं धैर्य मला झालं नाही आणि चाचांना नाही म्हणायचंही झालं नाही. मी त्यांना सांभाळायचं ठरवलं. भाऊ चहा पिऊन आले तेव्हा मी पडद्यावर नजर ठेवून त्यांचा कागद पुन्हा पहिल्यापासून करून घेतला.

शुक्रवारी नमाजनंतर दुकान रिकामं असायचं. तेव्हा आम्ही ते मशीन चाचांच्या बोटांना शिकवायला बसलो. कोणकोणत्या की वापरता, असं विचारलं तर त्यांना सांगता येईना. नावं डोक्यात नव्हतीच. मग मी वहीत लिहून घेत गेले. म्हटलं, छापायला काय करता? ते बोटं दाबून दाखवायचे. चुकलेलं मागं न्यायला? पुन्हा बोटं. मराठीतून इंग्रजीत जायला? उजवा हात वर जाऊन एफ बारावर पडला. जुन्या मशीनवर कंट्रोलनं होणारी कामं मॅकमध्ये कमांड नावाच्या दुसऱ्याच कीनं व्हायची, म्हणजे दिवाळीपासून त्यांनी जपून ठेवलेलं काहीच जपलं गेलं नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन मी त्या दोघींची अदलाबदल केली. भाषेसाठी एफ बारा लावलं. सगळ्यात छळलं ते एन्ड या कीनं. तिनं ओळीच्या शेवटी जायचं, तर ती थेट कागदाच्या तळाशी नेऊन सोडायची. चाचांना ते दिसणार नाही आणि पुढचं वाक्य सह्यांच्या खाली जाऊन बसेल, या कल्पनेनं मी ती की पुन्हा पुन्हा दाबून पाहत राहिले. मोबाइलवर शोधून, कोणीतरी लिहून ठेवलेली एक छोटी फाईल टाकली, तेव्हा ती वठणीवर आली. शेवटी जावईबापूंनी बंद ठेवलेला आवाज चालू केला. मशीननं काही अडवलं तर निदान टुंग वाजेल.

"आता बराबर," चाचा म्हणाले, "आता घरात आल्यासारखं वाटून राह्यलं."

त्यांना घर सापडलं, माझी झोप गेली. पुढचं दीड वर्ष चाचांच्या टेबलावरचा प्रत्येक कागद मी चोरून वाचला. कधी टुंग वाजलं की मी हातातलं काम टाकून त्यांच्या पडद्याकडे धावायचे. आपण एका माणसाची लाज राखतोय की दहा जणांची वावरं पणाला लावतोय, हा प्रश्न डोक्यातून जायचा नाही. चाचा बिचारे मला खूश ठेवायला जास्तच विनोद करायचे. त्याचा मला राग यायचा आणि मग राग आल्याचं वाईट वाटायचं.

उन्हाळ्यात मी मावशीकडच्या लग्नाला टेंभुर्णीला गेले होते, तेव्हा जावईबापू सासरी आले होते. मॅकवर बसले आणि त्यांच्या बोटांना सगळंच उलटं लागलं. कोणीतरी मशीन बिघडवून ठेवलंय म्हणून त्यांनी मोठ्या प्रेमानं एकूणएक सेटिंग पूर्ववत केली आणि पुण्याला निघून गेले. पुढचं मला शेठनं फोनवर सांगितलं. चाचा एका बाईचं बक्षीसपत्र करत होते. शेठनं छापून दिलेला कागद बाईचा भाऊ वाचायला लागला, तर चतुःसीमेतली, म्हणजे जमिनीच्या चार बाजूंच्या नोंदीतली, पूर्वेची हद्द साक्षीदारांच्या नावाखाली निघाली. भाऊ म्हणाला, असू द्या, एवढं नीट करून द्या. मशीन आतून बदललंय हे चाचांनी ओळखलं असणार. माझं नाव घेऊन, ती आल्यावर बघू, असं सहज म्हणता आलं असतं. पण ते उठून उभे राहिले, टेबलाची कड धरली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "थांबा. मला दिसत न्हाई. लई दिवसापासून न्हाई. माझ्या भरवशावर तुमचं वावर ठेवू नका."

मी परतले तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती. शेठ मला रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. ते एवढंच म्हणाले की मॅक आल्यापासूनचा एकेक कागद तपास, चाचांचे आणि तुझेही.

सहा दिवस मी मसुदे आणि कागद शेजारी ठेवून वाचत होते. दीड वर्षाचं काम, आणि त्यांच्या एकाही कागदात चूक निघाली नाही. चूक निघाली ती माझ्या एका खरेदीखतात. जमिनीच्या गट नंबरातले दोन आकडे मी मागेपुढे केले होते. त्या पक्षकाराला बस गाठायची होती, म्हणून मी त्याला वाचायला लावलं नव्हतं.

हे शेठला सांगायच्या आधी मी चाचांच्या घरी गेले. ते ओसरीवर एकटे बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी आधी विचारलं, "कोनाचं नुकसान तर न्हाई झालं ना?" मी रडत रडत माझी चूक सांगितली. ती अजून कोणाच्या लक्षात आलेली नव्हती, कदाचित कधी आलीही नसती, हेही सांगितलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"दुरुस्ती होते त्याची," ते म्हणाले. "पर तू आजच त्याच्याकडे जा. मी इतके साल डरत बसलो, काय मिळालं? ज्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी जेवन गोड लागलं."

मी तिथून निघाले ती सरळ स्टँडवर आले. जीप भरायला अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात मी तीनदा उतरून घरी जायचा विचार केला. त्या पक्षकाराचं घर त्याच्या गावाच्या टोकाला होतं. तो अंगणात चुलीसाठी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडत होता. मला पाहून त्यानं हात झटकले आणि बाजेवर बसायला सांगितलं. माझी बसायची छाती झाली नाही. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "दादा, तुमच्या कागदात चूक झालीय. माझ्या हातून झालीय."