आतली खुर्ची

आमच्या वरच्या मजल्यावरची व्हायोलावाली आणि तिचा नवरा एकाच वाद्यवृंदात, एकाच स्टँडसमोर बसून व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, वाजवत. दोघांना मिळून स्वरलिपीची एकच प्रत. रिवाज असा, की पान संपलं की आतल्या खुर्चीवरच्याने वाजवणं थांबवून ते उलटायचं. बाहेरच्याचा, म्हणजे प्रेक्षकांकडच्याचा, गज थांबत नाही. आतली खुर्ची लग्नापासून तिची.

तो मारतो हे सगळ्या जिन्याला ठाऊक होतं. चेहरा तेवढा सोडायचा, तो लोकांना दिसतो. सासू म्हणायची, कलावंत माणूस तापट असायचाच. सुनेच्या हातातही तेच वाद्य होतं, पण ती सासूच्या हिशेबी कलावंत नव्हती.

त्या वर्षी एका तरुण संगीतकाराची नवी सिम्फनी आली. चार सुरांचा एकच तुकडा, पुन्हा पुन्हा तेच दळण; मध्येच गुपचूप एखादा सूर बदलायचा. त्यावर हळूहळू पितळी वाद्यं आणि नगारे चढत जायचे आणि शेवटी जुन्या सिम्फन्यांसारखा डोंगर कोसळायचा.

"सिम्फनी आहे की शिलाई मशीन?" नवरा म्हणाला. सगळे हसले. पण टाका सुटायला लागला तो त्याचाच. तालमीत रोज चुकायचा. शेवटी संचालकांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की कार्यक्रमात जो घसरेल त्याची खुर्ची गेली.

हिला तो तुकडा, बदलत्या सुरांसकट, भांडी घासता घासता पाठ झाला होता. तेच त्याला सोसलं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याने तिचा डावा हात वाद्याच्या पेटीत दाबून धरला आणि वरून झाकण आदळलं. मग पुन्हा आदळलं. करंगळीचं नख फुटलं.

"आता माझ्याआधी तू घसरशील," तो म्हणाला.

बोटाला पट्टी गुंडाळून ती मंचावर बसली. पान संपत आलं. तिचा हात वर गेला नाही. पाठ होतं, ती वाजवत राहिली. पट्टीतून रक्त तारेवर उतरत होतं.

"पान," तो दातांतून म्हणाला. ती वाजवतच होती. "पान उलट, भवाने."

त्याने स्वतःच हात घातला. पान फाटलं, पुढची दोन-तीन एकदम उलटली. कुठे आहोत हेच त्याला कळेना. त्याचा गज हवेत राहिला, चार सूर त्याला तुडवत पुढे गेले, आणि मग पितळी वाद्यं कोसळली.

मंचामागच्या बोळात त्याने पहिल्यांदाच तिच्या तोंडावर मारलं, सगळ्यांसमोर. ओठ फाटला. तिने रक्त थुंकलं आणि वाद्याची बंद पेटी दोन्ही हातांनी त्याच्या जबड्यावर हाणली. तो खाली बसला तरी ती हाणत राहिली, एका लयीत, घाई न करता. ट्रम्पेटवाल्याने मागून मिठी घालून तिला आवरलं तेव्हा त्याचे दात फरशीवर होते. पेटीतल्या व्हायोलाचाही चुरा झाला होता.

खुर्ची त्याची गेली. तिला ताकीद मिळाली आणि उसनं वाद्य. सासू जिन्यात सांगत होती, बाई कलावंत असली म्हणून इतकं तापट असावं का.

आता ती बाहेरच्या खुर्चीवर बसते. पान संपत आलं की तिचा डावा हात अजूनही तारांवरून सुटू बघतो. शेजारची नवी मुलगी हळूच म्हणते, "ताई, वाजवा. पान मी बघते."