पूजेतली फ्लॉपी
झेंडूचा वास आला की मला अजून वाळूजच्या आमच्या कंपनीतला कॉम्प्युटर आठवतो. विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीची खंडेनवमी होती. मशिनींबरोबर मी सगळ्यांच्या त्या एकुलत्या एका कॉम्प्युटरचीही पूजा केली, आणि शोभेला म्हणून कॉम्प्युटरवर बसवायच्या नव्या सिस्टीमच्या फ्लॉप्यांपैकी पहिली त्यात घालून ठेवली. दसरा करून आले, बटण दाबलं, तर नवी सिस्टीमच बसायला लागली. घाबरून मी एंटर दाबत गेले. मग फ्लॉपी काढली तरी पडद्यावर एकच मागणं, दुसरी फ्लॉपी घाला. ती घातली तर जुनं सगळंच पुसलं जाईल, असं मला वाटलं. सगळ्या कामगारांची हजेरी आत अडकली. तीन वर्षं त्या कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती, पण साहेबांनी बोलावलं स्टोअरमधल्या, सिल्लोडकडून नव्यानंच आलेल्या माणसाला. त्यानं दारात चपला काढल्या, "ताई, घाबरू नका, समदं आत हाय," म्हणाला. जुन्या सिस्टीमची फ्लॉपी घालून दोन ओळी टाइप केल्या, आणि हजेरी जशीच्या तशी समोर आली. साहेबांनी त्याची पाठ थोपटली, चूक कुणाची म्हणून विचारलं. "कुणाची नाय साहेब, मशीनच तसलं हाय." त्यानं मला वाचवलं आणि माझा जळफळाट दुप्पट झाला. जाताना त्यानं, पुन्हा असं झालं तर काय काय करायचं ते कागदावर लिहून दिलं. मी साधे आभारही मानले नाहीत. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. मेल्याचं अक्षरसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं होतं.