नदी की विहीर

नाताळच्या करंज्या तळताना तुपाचा वास सुटला की मला कोल्हारचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. बाबा गावच्या चर्चमध्ये उपदेश करायचे. पुण्यात धर्मशिक्षण घेणारा दादा त्या वर्षी सुट्टीत आला होता. करंजी मोडता मोडता तो म्हणाला, "बायबलमधली शुभवर्तमानं येशूनंतर तीस-चाळीस वर्षांनी लिहायला घेतली. लिहिणाऱ्यांनी त्याला बहुधा पाहिलंही नव्हतं."

माझा झारा कढईतच थांबला. दुसऱ्या दिवशी बाबांचा उपदेश होता.

बाबा सावकाश म्हणाले, "माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला प्रवरेत. कुनी लिहून ठिवलंय? तरी आपल्याला ठाव हाय ना?"

"नदीत न्हाई," करंजीला मुरड घालत आत्या म्हणाली. "विहिरीवर झाला. आई सांगायची."

दादा हसला नाही, पण बाबा उठून ओसरीवर गेले. उद्या ते उपदेशाला उभे राहतील ना, याची मला धास्ती वाटली. ते उभे राहिले. काय बोलले, ते मात्र मला आठवत नाही.

आता बाबाही नाहीत आणि आत्याही नाही. आज लेकीनं घराण्यातल्या त्या पहिल्या बाप्तिस्म्याची गोष्ट विचारली. मी नदी सांगितली, विहीरही सांगितली.

"मग खरं काय?" असं विचारून ती माझ्याकडे बघत राहिली, अगदी दादासारखी.