नकाराची ती चिठ्ठी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही सुमेधला ओळखत नाही, म्हणून.

अमेरिकेत कॉलेजात असताना मी एका फ्रॅटर्निटीत होतो. तीस मुलं, एक घर, सगळे एकमेकांना ब्रदर म्हणणार आणि कारभार सगळा मुलांचाच — प्रेसिडेंटपासून भांड्यांच्या पाळ्या लावणाऱ्यापर्यंत. मी तिकडेच, अल्फारेटात वाढलेला निखिल, फ्रॅटर्निटीत मात्र निक. नव्या मुलांची भरती माझ्याकडे होती, आणि तिचा मला भारी तोरा होता.

सुमेध नागपूरहून नुकताच शिकायला आलेला. घर बघायला म्हणून जेवायला आला, आणि जेवण झाल्यावर कुणी न सांगता सिंकपाशी जाऊन ताटं घासायला लागला. मुलं खूश. तेवढ्यात हा पठ्ठ्या सगळ्यांसमोर मला मराठीत म्हणाला, "निखिलदादा, साबण संपला नं. दुसरा कुठं ठेवता?"

एवढंच. कुणी हसलंही नाही. 'दादा' म्हणजे काय, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, काही नाही — आणि माझे कान तापले. कशाची लाज वाटली मला? त्याची? की घरी आईशी मीही तसाच बोलतो, त्याची?

आमच्याकडे नवा मुलगा घ्यायचा तर गुप्त मतदान असायचं. नकाराची एक चिठ्ठी निघाली, तरी मुलगा बाद. मी उभा राहून सुमेधच्या बाजूने चांगला पाच मिनिटं बोललो. मग चिठ्ठ्या उघडल्या. एक नकार निघाला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, मीही बघितलं — सगळ्यांत जास्त चिडलेला मीच दिसत होतो.

तो नकार माझा होता.

निक तुझ्यासाठी भांडला, असं सुमेधला कुणीतरी सांगितलं. तो थँक्यू म्हणायला आला, आणि मी ते घेतलं. पुढच्या सेमिस्टरला पुन्हा ये, म्हणालो. तो आला, तेव्हा मी होकार दिला. मोठे उपकारच केले, नाही का?

पुढे तो प्रेसिडेंट झाला आणि त्या घराची कळाच पालटली. रोज जेवणाआधी दोन तास सगळ्यांनी एकत्र अभ्यासाला बसायचं, हे त्याने सुरू केलं. दोनदा ड्रॉप केलेलं कॅल्क्युलस मी त्याच्या शेजारी बसून पास झालो. तो नसता तर माझी डिग्री नसती, आजची नोकरी नसती. त्या माणसाचे किती आभार मानू? आणि त्याचा पहिला ठराव कुठला होता, माहितेय? गुप्त चिठ्ठी बंद. ज्याला नाही म्हणायचंय, त्याने उभं राहून कारण सांगावं. त्याच्या आवाजात राग नव्हता. पाठिंब्याचा पहिला हात मी वर केला.

गेल्या वर्षी अमेरिकेतच, अर्विंगला त्याचं लग्न झालं. त्याची आई नागपूरहून आली होती. सुमेधने मला ओढतच तिच्यापाशी नेलं — आई, हाच तो निखिलदादा, माझ्यासाठी भांडलेला. काकूंचे डोळे भरून आले. परक्या देशात माझ्या लेकराला भाऊ मिळाला, म्हणाल्या. सुमेध बाजूला हसत उभा होता. तेव्हा तरी सांगता आलं असतं — मी वाकून नमस्कार केला, आणि आशीर्वाद घेतला.